हाक येणार नाही अशा गावी

या वेळचं पत्र मिरजेहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५४ वर्षांच्या आहेत. पत्र चार पानांचं आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते.

"सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा मी ४५ वर्षांची होते. नऊ वर्षं त्या अंथरुणावर होत्या. गेल्या माघात गेल्या. या नऊ वर्षांत मी सगळ्यांत लांब गेले ती कोल्हापूरला, भाचीच्या लग्नाला, तीही संध्याकाळी परत. आजारी पडण्याआधी त्यांनी वीस वर्षं वारी चुकवली नव्हती. अंथरुणाला खिळल्यावरही आषाढी जवळ आली की रोज विचारायच्या, 'माउली कुठवर आली?' मी टीव्हीवर बघून सांगायची, आज लोणंद, आज फलटण. त्यांची तुळशीची माळ अजून माझ्या कपाटात आहे. आता मुलानं आम्हा दोघांसाठी युरोपची सहल ठरवलीय. ११ दिवसांत सात देश. हे म्हणतात, सगळं फोनवर दिसतं, गुडघे दुखतात, कशाला जायचं? मैत्रिणी त्यांचे फोटो दाखवतात, मला काहीच वाटत नाही. पण रात्री जंक्शनवरून गाडीची शिट्टी ऐकू आली की पोटात काहीतरी हलतं. मला जायचंय, पण एकटीला. कुठं, ते माहीत नाही. प्रवासानं माणसाला खरंच काही मिळतं का, की मी रिकाम्या घरातून पळ काढतेय? एकटीनं जावंसं वाटणं हा स्वार्थ आहे का? आणि अजून वर्षश्राद्धही झालेलं नाही. लोक म्हणतील, सासू जायचीच वाट बघत होती. परत आल्यावर त्यांना तोंड कसं दाखवू?"

ताई,

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिल घेऊन बसले. चार पानांत 'परत आल्यावर' हे शब्द तुम्ही तीनदा लिहिले आहेत. परत आल्यावर पापड करायचे आहेत, परत आल्यावर भिशी तुमच्या घरी आहे, परत आल्यावर लोकांना तोंड कसं दाखवू. पळून जाणारं माणूस परतीचं बोलत नाही. तेव्हा पळ काढण्याबद्दलच्या शंकेचं उत्तर तुमच्याच अक्षरात तुमच्याकडे आहे. ती शंका आपण बाजूला ठेवू.

आता मिळतं काय, ते. 'प्रवास' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाडी येते, घाट येतो, खिडकीतून मागे पळणारी झाडं येतात. शब्दात मात्र यातलं काहीच नाही. त्याचा मूळ धातू 'वस्', म्हणजे राहणं. वास, निवास, वसाहत, वसतिगृह ही सगळी त्याच घरची माणसं. त्याला 'प्र' लागला आणि अर्थ झाला घरापासून दूर राहणं. 'यात्रे'त जाणं आहे, 'पर्यटना'त हिंडणं आहे, 'प्रवासा'त राहणं आहे. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवताना मी ही व्युत्पत्ती फळ्यावर कितीदा तरी लिहिली असेल, पण ती मला कळली एकसष्टाव्या वर्षी, महेश्वरच्या घाटावर. ते सांगतेच. आधी हे सांगते की दूर राहिल्यानं होतं काय.

घरात रात्री उठलो तर हात आपोआप बटणावर जातो. डोळे मिटून चहा करता येतो. घर आपल्याला पाठ झालेलं असतं आणि आपणही घराला पाठ झालेलो असतो. तुमच्या घराला तुमच्यातली काय पाठ आहे? हाकेला ओ देणारी बाई. नऊ वर्षं तुमचा एक कान सासूबाईंच्या खोलीकडे होता. तुम्ही लिहिलंय की अजूनही पहाटे तीनला जाग येते, कूस बदलायची वेळ म्हणून. खोली रिकामी झाली, कान रिकामा झाला नाही. परक्या गावात पहिल्या रात्री हात भिंतीवर बटण शोधतो आणि त्याला ते सापडत नाही. इतकी साधी गोष्ट. पण त्या शोधण्यात आपण जागे होतो. इथं आपल्याला कुणी पाठ केलेलं नाही, इथून हाक येणार नाही, हे शरीराला कळायला लागतं. मनाच्या कितीतरी आधी ते शरीराला कळतं.

आणि त्याला दिवस लागतात. माझे यजमान गेल्यानंतर वर्षभरानं मी महेश्वरला जाऊन नऊ दिवस राहिले. नर्मदेच्या उत्तर तीरावरचं, अहिल्याबाईंच्या राजधानीचं गाव. घाटाच्या वर एक खोली घेतली होती. पहिले तीन दिवस मी महेश्वरला नव्हतेच, पुण्यातच होते. गॅसचा नॉब बंद केला का, दूधवाल्याला सांगितलं का, ह्यांच्या पेन्शनच्या कागदांवर सही राहिली का. घाटावर बसून मी पायऱ्या मोजत होते, कारण नुसतं बसणं मला येतच नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी शेजारी कपडे धुणाऱ्या बाईनं विचारलं, "किसके साथ आयी हो?" मी म्हटलं, "किसी के साथ नहीं." मला वाटलं, आता ती कीव करेल. तिनं पिळलेला पदर झटकला, बाजूची ओली पायरी हातानं पुसली आणि म्हणाली, "तो बैठो." मी बसले. दुपारपर्यंत बसले. ह्यांच्या जाण्यानंतर तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, नंतरचं वर्ष कागदांनी. रडायला जागा मिळाली ती त्या पायरीवर. बाई कपडे धूत राहिली, तिनं काही विचारलं नाही.

म्हणून ११ दिवसांत सात देश ही गोष्ट तुमच्यासाठी आत्ता योग्य नाही असं मला वाटतं. दीड दिवसात एक देश होतो. तुमचा कान मिरजेहून निघायच्या आत सहल संपलेली असेल. पण सहलीला मी नावं ठेवणार नाही. जन्मभर दुसऱ्यांना वाढलेल्या बाया अशा सहलीहून परत येतात तेव्हा त्यांना राजवाड्यांची नावं आठवत नाहीत, रोज सकाळी कुणीतरी आयता नाश्ता पुढे ठेवला ते आठवतं. ते लहान सुख नाही. तुमच्या मैत्रिणींना ते मिळालं असेल, आणि फोटोत ते दिसत नाही म्हणून तुम्हाला काही वाटलं नसेल. तुमची गरज वेगळी आहे, एवढंच.

महेश्वरला परकम्मावासी येत-जात असत. नर्मदेची परिक्रमा तुम्ही ऐकली असेल. नदी १३१२ किलोमीटर लांब. तिला उजव्या हाताला ठेवून एका काठानं समुद्रापर्यंत जायचं, तिथं नावेनं पलीकडे व्हायचं आणि दुसऱ्या काठानं उगमाकडे परतायचं. मध्ये कुठंही पात्र ओलांडायचं नाही. परंपरेनं तिचा काळ सांगतात तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. चातुर्मासात चालणं बंद, एका गावी मुक्काम. आणि संपते कुठं, तर जिथून निघालात तिथंच. पाहायला गेलं तर हा माणूस कुठंही 'गेला' नाही. गाठायचं असं काही नव्हतं, दाखवायलाही काही नाही. मी तिथं एका वयस्क परकम्मावासीला विचारलं होतं, "बाबा, काय मिळालं?" ते थोडा वेळ नदीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आधी मी नदीला बघत होतो." पुढचं वाक्य त्यांनी बोललं नाही. मीही विचारलं नाही. त्यावर मी अजून विचार करते.

तुमच्या शंकेच्या बाजूनं बोलणारा एक मोठा माणूस आहे, त्याचंही ऐकून घ्यायला हवं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेनेका नावाचा तत्त्वज्ञ होता. त्याच्या एका मित्रानं असंच त्याला कळवलं होतं की इतके देश हिंडलो, मनाचा भार काही उतरला नाही. सेनेकानं उत्तर दिलं ते असं की बदलायला हवं ते मन, आकाश नव्हे. त्यात त्यानं सॉक्रेटिसचा दाखला दिला आहे: जाशील तिथं तू स्वतःलाच घेऊन जातोस, मग प्रवासाचा उपयोग होत नाही याचं नवल कसलं? हे बोलणारा घरात बसलेला माणूस नव्हता. त्याची आठ वर्षं कोर्सिका बेटावर हद्दपारीत गेली होती. तेव्हा त्याचं म्हणणं मी हलकं धरत नाही. दुःख टाकून यायला म्हणून कुणी निघालं तर ते पुढच्या स्टेशनवर आपल्याआधी उतरून उभं असतं, हे मीही अनुभवलं आहे.

पण माझं सेनेकाशी एका जागी जमत नाही. स्वतःला बरोबर घेऊन जातो हे खरं, पण घरी ज्या स्वतःकडे बघायला सवड होत नव्हती तिला बाहेर नेऊन शेजारी बसवता येतं. महेश्वरला माझं दुःख उतरलं नाही. मला ते भेटलं. हे दोन वेगळे अनुभव आहेत, ताई, आणि दुसरा कमी मोलाचा नाही.

शिवाय आपण जे आणायला जातो तेच घेऊन परत येतो असंही नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते पैशासाठी. घरावर कर्ज होतं, आणि बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार, तिथं दक्षिणा मिळेल असं कानावर आलं होतं. वाटेत बंडाची आग पेटलेली. पुढच्या वर्षी इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा हे भटजी झाशीतच होते. मिळवलेली दक्षिणा लुटली गेली. शेवटी घरी आले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्यानं त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. पुढे त्यांनी हे सगळं लिहून काढलं, ते १९०७ साली 'माझा प्रवास' म्हणून छापलं गेलं. निघताना कुणी त्यांना विचारलं असतं, "यातून तुला मिळणार काय?" तर त्यांनी रुपयांत उत्तर दिलं असतं, आणि ते साफ चुकलं असतं. तुम्ही मला तोच प्रश्न विचारताय. मलाही त्याचं उत्तर आधी देता येणार नाही.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मात्र मला पटलं. फोनवर सगळं दिसतं, आणि जाऊन बघण्यापेक्षा चांगलं दिसतं. माहितीसाठी पाय दुखवायची गरज आज नाही, खरं तर पूर्वीही नव्हती. इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्वज्ञ जन्मभर आपल्या क्योनिग्सबर्ग गावाच्या आसपासच राहिला आणि तिथल्या विद्यापीठात सुमारे चाळीस वर्षं त्यानं भूगोल शिकवला. देश न बघता देशांची माहिती देता येते. पण फोनमध्ये आपण बघतो, आपल्याला तिथून कुणी बघत नाही. तिथं आपण कुणाला वाट विचारत नाही, पाणी मागत नाही, कुणाच्या ओसरीवर टेकत नाही. बाहेर पडल्यावर आपण परके होतो. परक्याला मागावं लागतं.

या मागण्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण तुमच्या बाबतीत सगळं इथंच अडलं आहे असं मला वाटतं.

मी ५२ व्या वर्षी पहिल्यांदा वारीला गेले. आळंदी ते पंढरपूर, पायी. शिक्षिका होते, शिस्तीची होते, माझं सामान, माझी औषधं, माझं पाणी, सगळं माझं मी नीट बांधून घेतलं होतं. दिंडीतल्या म्हाताऱ्या बायकांना मीच गोळ्या वाटत होते. वाल्ह्याच्या मुक्कामाला माझ्या टाचेला मोठा फोड आला. एक बाई, माझ्या आईच्या वयाची, तेलाची वाटी घेऊन समोर बसली. "माउली, पाय द्या इकडं." मला पाय देता येईना. मी म्हटलं, "अहो आजी, तुम्ही मोठ्या, असं कसं? मी करते माझं." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "समद्यांला द्यायला आलं तुमास्नी, घ्यायला न्हाई शिकला व्हय?" आणि पाय ओढून मांडीवर घेतला. मी मान खाली घालून बसले. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं, जात माहीत नव्हती, मी बाई म्हणून शाळेत किती मोठी ते माहीत नव्हतं. वारीत प्रत्येक जण दुसऱ्याला 'माउली' म्हणतो. ज्ञानोबांचं नाव सगळ्यांना सारखं वाटलेलं असतं, आपलं आपलं नाव गळून पडतं. नवं ठिकाण बघण्याचा तिथं प्रश्नच नाही. वाट तीच, मुक्काम तेच, विठोबा तोच. वर्षानुवर्षं लोक त्याच वाटेनं जातात आणि दर वर्षी तो प्रवासच असतो, कारण वीस दिवस ते घरच्या नावानं राहत नाहीत.

तुम्ही नऊ वर्षं दिलं. अन्न दिलं, पाणी दिलं, कूस बदलून दिली, माउली कुठवर आली ते सांगितलं. देणाऱ्याच्या हाताला एक वळण पडतं, तो उताणा होत नाही. अनोळखी गावात कुणाला तरी "मावशी, इथं जेवण कुठं मिळेल?" असं विचारायचं, एखादीनं "बसा की, आमच्यातच खावा" म्हटलं तर नको न म्हणता बसायचं, हे तुम्हाला युरोपपेक्षा अवघड जाईल. आणि मला वाटतं, रात्रीच्या शिट्टीला तुमच्या पोटात जे हलतं ते यासाठी असावं.

इथं एक गोष्ट सांगून टाकते. तुम्ही सासूबाईंना रोज पालखीचा मुक्काम सांगत होतात, तेव्हा तुमचीही मनानं वारी झाली, मानसपूजेसारखी, असं कुणीतरी तुम्हाला म्हणेल. मी म्हणणार नाही. सासूबाईंच्या बाबतीत ते खरं असेल, त्यांच्या पायाखाली वीस वर्षांची वाट होती, 'लोणंद' म्हटलं की त्यांना लोणंद दिसत असेल. तुम्ही फक्त टीव्हीवरची अक्षरं वाचत होतात, एक हात त्यांच्या उशाखाली ठेवून. तुम्हाला चालायचं आहे. त्याच्या बदल्यात गोड शब्द घेऊ नका.

स्वार्थाचं म्हणाल तर जुन्या संस्कृत काव्यात नायिकांचे प्रकार सांगतात, त्यात एक आहे प्रोषितभर्तृका. जिचा पती प्रवासाला गेला आहे ती. 'प्रोषित' हे 'प्रवासा'च्याच धातूचं रूप. म्हणजे शब्द घडला तेव्हाच कामं वाटून झाली होती. दूर राहायचं त्यानं, वाट बघायची तिनं. ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की बाईला नुसतं एकटीनं आठ दिवस राहावंसं वाटलं तरी तिला आधी गुन्हा कबूल केल्यासारखं पत्र लिहावं लागतं. आपल्या आज्या-पणज्यांनी त्यातून देवाची वाट काढली. देवाला जाते म्हटलं की उंबरा ओलांडता यायचा. त्यांची भक्ती खोटी नव्हती आणि मोकळ्या वाटेवरचा त्यांचा आनंदही खोटा नव्हता. दोन्ही एकाच पडशीत असायचं. तुमच्या सासूबाईंच्या वीस वाऱ्यांत यातलं काय किती होतं हे विचारायला आता त्या नाहीत, पण मी असते तर विचारलं असतं.

आनंदीबाई जोशी पतीशिवाय अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांचं अठरावं वर्ष नुकतंच पुरं झालं होतं. जाण्याआधी २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, त्यांनी भर सभेत लोकांच्या प्रश्नांना एकेक करून उत्तरं दिली. अमेरिकेलाच का, इथं शिकता येत नाही का, आणि एकटी का? १८८३ साली त्या मुलीला सभा घेऊन सांगावं लागलं. तुम्हाला सभा घ्यायची नाही. दोन माणसांना सांगायचं आहे, मुलाला आणि यजमानांना, आणि त्यातही यजमानांना आधी. ते दुखावले आहेत असं तुमच्या पत्रातून वाटतं. "मी काय तुला कधी अडवलंय का?" असं ते म्हणाले, म्हणजे त्यांना ऐकू आलं की तुम्हाला त्यांच्यापासून लांब जायचंय. तसं नाही, हे त्यांना कळायला हवं. सांगा, "तुमच्यापासून नाही, हाकेपासून." आठ दिवस त्यांना वाट बघू दे. त्या घरात ते कधी एकटे राहिले आहेत का? आई त्यांचीही गेली आहे.

आता तो शेवटचा प्रश्न, जो तुम्ही लोकांच्या तोंडी घातला आहे. सासू जायची वाट बघत होती. हे वाक्य लोक म्हणतील की नाही मला माहीत नाही, पण तुम्ही ते रात्री स्वतःला म्हणत असणार. म्हणून सरळ विचारते: कधी वाटलं होतं का, की आता सुटावं? वाटलं असेल. नऊ वर्षांत एखाद्या रात्री, चौथ्यांदा चादर बदलताना, वाटलं असेल. माझ्या आईच्या शेवटच्या दीड वर्षात मला वाटलं होतं, आणि पुढची कितीतरी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. थकलेलं माणूस झोप मागतं, ताई. ते मरण मागत नसतं, पण त्या क्षणी दोन्हींचं तोंड एकसारखं दिसतं. चादर तुम्ही बदललीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारल्यावर सांगितलंत, आज फलटण. वाट बघणारी बाई एवढं करत नाही. लोकांना उत्तर द्यायचं राहू दे. आणि त्यांच्यासाठी देवदर्शनाचं निमित्त काढू नका. देवाला जायचं असेल तर देवासाठी जा.

कुठं जायचं? आधी नरसोबाच्या वाडीला जा. तुम्ही हसाल, वाडी तुमच्यापासून तासाभराच्या आत, शंभर वेळा जाऊन आला असाल. पण राहिलात कधी? दर्शन, प्रसाद, बासुंदी-पेढे, आणि शेवटच्या एसटीच्या आत घर. या वेळी दोन रात्री राहा. भक्तनिवासात खोली मिळते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर संध्याकाळची गर्दी ओसरून गेल्यावर घाट कसा होतो ते बघा. पहाटे तीनला जाग येईल, येऊ दे, उठून बसा. घर इतकं जवळ असताना न जाणं, हा सराव लांबच्या गावापेक्षा कठीण आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला परत फिरावंसं वाटेल. तेवढी एक दुपार काढा.

मग महेश्वरला जा, आठ-नऊ दिवस. पुण्याहून इंदूरला थेट गाडी आहे, तिथून पुढे शंभरेक किलोमीटर बसनं. निमाडातलं ऊन कडक असतं, तेव्हा थंडीत जा, फार तर फाल्गुनापर्यंत. वर्षश्राद्धाआधी की नंतर हे तुमच्या मनाला विचारून ठरवा. पोचायची वेळ दिवसाउजेडी धरा, खोलीच्या मालकिणीशी पहिल्याच दिवशी नीट ओळख करून घ्या, गुडघे-औषधं-आधारकार्ड हे सगळं तुम्हाला सांगायला नकोच. घरी रोज एकदाच फोन, ठरलेल्या वेळी, आणि तो तुम्ही करायचा. परतीचं तिकीट आधीच काढा. पळून जात नाही याची खूण म्हणून पर्समध्ये राहू दे. बघायची यादी करू नका. दोन-तीन दिवस काही होणार नाही, जीव कंटाळेल, पैसे वाया गेले असं वाटेल. तिथंच थांबा.

मुलाला सांगा, सहल पुढं ढकल. पैसे थोडे कापून घेतील, घेऊ देत. पुढच्या वर्षी दोघं जा, तोवर यजमानांच्या गुडघ्यांचंही बघून घ्या.

माळेचं काय करू, असं तुम्ही विचारलेलं नाही. फक्त कपाटात आहे एवढंच लिहिलंय. म्हणून मीही काही सांगत नाही.

परत आल्यावर मला पत्र लिहा. काय काय पाहिलंत ते नको. पहिल्या दिवशी वाट कुणाला विचारलीत, आणि त्यांनी काय सांगितलं, ते लिहा.